टाकीत न बोलावता आलेल्या बारीक गोगलगाई कशा ओळखायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी) ठेवणारे लोक सर्वांत जास्त पाठवतात तो फोटो म्हणजे काचेवरचा एक तपकिरी ठिपका, आणि खाली प्रश्न: "ही कोणती? मारू का?" ओळख पटवायला चार खुणा बहुतेक वेळा पुरतात. शंखाला झाकण आहे का, शंख कोणत्या बाजूला वळतो, शिंगे कशी आहेत आणि अंडी कशी दिसतात. रंग आणि आकारमान या खुणा फसव्या आहेत. एकाच अंड्यांच्या पुंजक्यातून निघालेली पिल्ले खाण्यानुसार आणि पाण्यानुसार फिकट, गडद, लहान, मोठी होतात. म्हणून खालच्या उत्तरांत रंगाला आम्ही शेवटची जागा दिली आहे.

१. झाडे दुकानातून आणून नीट धुऊन लावली. तरी तीन आठवड्यांनी काचेवर बारीक गोगलगाई दिसू लागल्या. त्या आल्या कुठून?

बहुधा अंड्यांतून. ब्लॅडर स्नेल, पाँड स्नेल आणि रॅम्सहॉर्न आपली अंडी पारदर्शक जेलीत घालून ती पानाच्या खालच्या बाजूला, देठाच्या बेचक्यात किंवा अनुबियासच्या खोडाला चिकटवतात. नळाखाली धरल्याने ती सुटत नाहीत. पाणी २५ ते २८ अंश असेल तर साधारण एक ते दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. तेव्हा ती जेमतेम १ मिमी असतात, त्यामुळे नजरेत भरेपर्यंत आणखी आठवडाभर जातो. तीन आठवड्यांचा हिशोब असा जुळतो.

झाडांखेरीज इतरही वाटा आहेत: नदीची वाळू, तलावातून काढलेले हायड्रिला किंवा हॉर्नवर्ट, दुसऱ्या टाकीत वापरलेली जाळी, कोणाकडून तरी आणलेला जुना फिल्टर स्पंज. टिश्यू कल्चरच्या कपातली झाडे निर्जंतुक जेलीत वाढवलेली असतात, त्यांच्यासोबत गोगलगाय येत नाही. फक्त कपातलीच झाडे लावली असतील आणि तरीही गोगलगाय निघाली, तर वाळू किंवा जाळीकडे बघा.

२. ओळखायला काय साहित्य लागते? मायक्रोस्कोप हवाच का?

मायक्रोस्कोप नको. घड्याळ दुरुस्त करणारे किंवा सोनार वापरतात ते १० पट मोठे दाखवणारे भिंग, पारदर्शक काचेचा सरळ पेला, एक पांढरी बशी, ड्रॉपर आणि आलेख कागदाचा तुकडा एवढे पुरे.

टाकीतलेच पाणी पेल्यात घ्या. गोगलगाय ओल्या बोटाने किंवा ड्रॉपरने उचलून पेल्याच्या आतल्या काचेला लावा. नळाचे ताजे पाणी घेऊ नका, क्लोरीनमुळे ती आत आखडून बसते आणि शिंगे दिसतच नाहीत. दोन-तीन मिनिटे पेला हलवू नका. ती चालू लागली की बाहेरून भिंगाने तिचे तोंड, पाय आणि शिंगे खालच्या बाजूने स्पष्ट दिसतात. मग तिला बशीत पाण्याच्या थेंबात ठेवून वरून पाहा आणि बशीशेजारी आलेख कागद ठेवून फोटो काढा. कागदावरचा छोटा चौकोन १ मिमीचा असतो, त्यामुळे माप फोटोतच येते.

टाकीत गोगलगाय सापडतच नसेल तर रात्री दिवे बंद करताना काकडीची एक चकती तळाशी ठेवा. सकाळी दिवे लावण्यापूर्वी चकती उचललीत तर टाकीत असलेल्या बहुतेक जातींचे नमुने तिच्यावर मिळतात. चकती दिवसभर आत राहू देऊ नका, पाणी गढूळ होते.

३. झाकण म्हणजे काय आणि ते कुठे शोधायचे?

काही गोगलगाई शंखात शिरल्यावर शंखाचे तोंड एका टणक चकतीने बंद करून घेतात. तेच झाकण. चालताना ही चकती पायाच्या मागच्या भागावर, वरच्या बाजूला, शंखाच्या लगेच मागे बसलेली दिसते. खात्री करायची असेल तर गोगलगाईला चिमट्याने हलके टोचा. तोंड तपकिरी किंवा पांढऱ्या दाराने बंद झाले तर झाकण आहे; मऊ अंग नुसते आत ओढलेले दिसले तर नाही.

ही एक खूण अर्धे काम करते. ब्लॅडर, पाँड, रॅम्सहॉर्न आणि लिम्पेट यांना झाकण नसते. या सर्व हवेतला श्वास घेणाऱ्या गटातल्या आहेत. मलेशियन ट्रम्पेट, अ‍ॅपल स्नेल, नेराइट, असॅसिन (इतर गोगलगाई खाणारी) आणि आपल्या तळ्यांतली पट्टेदार बेल्लामिया यांना झाकण असते. झाकण असलेल्या गोगलगाईला औषधी पाण्यात झाडे बुडवण्याचा फारसा त्रास होत नाही, कारण ती दार लावून बसते. प्रश्न १७ मध्ये हे पुन्हा येईल.

४. शंख डावा की उजवा हे कसे ठरवायचे? प्रत्येक वेळी वेगळेच उत्तर येते.

शंखाचे निमुळते टोक वर धरा आणि शंखाचे तोंड स्वतःकडे करा. तोंड तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला आले तर शंख उजवा, डाव्या हाताच्या बाजूला आले तर डावा. उत्तर बदलते त्याची तीन कारणे असतात.

पहिले, तोंड पलीकडे ठेवून पाठीकडून पाहिले जाते. मग बाजू उलटी दिसते. दुसरे, सेल्फी कॅमेरा. पुष्कळ फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो आणि डावा शंख उजवा होऊन बसतो. नेहमी मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढा आणि शंका असेल तर शेजारी अक्षरे असलेला कागद ठेवा. अक्षरे सरळ वाचता आली तर बाजूही खरी.

तिसरे कारण देव्हाऱ्यातले आहे. पूजेतला शंख टोक खाली धरून पाहतात, प्राणिशास्त्रात टोक वर धरतात. त्यामुळे पूजेत दक्षिणावर्ती म्हणून मानला जाणारा शंख प्राणिशास्त्राच्या हिशोबात डावा असतो. टाकीतल्या गोगलगाईसाठी "दक्षिणावर्ती" हा शब्द वापरून वर्णन पाठवले की हमखास गोंधळ होतो. "टोक वर, तोंड माझ्याकडे, तोंड डावीकडे" असे लिहून पाठवा.

रॅम्सहॉर्नसारख्या चपट्या गोगलगाईंना ही कसोटी लावू नका. त्यांना वर धरायला टोकच नसते.

५. ब्लॅडर स्नेल आणि पाँड स्नेल एकच ना? दुकानदार दोघींनाही पाँड स्नेल म्हणतो.

एकच नाहीत, आणि फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे, कारण झाडांना नुकसान करण्याची शक्यता पाँड स्नेलकडून जास्त असते.

ब्लॅडर स्नेल म्हणजे प्रामुख्याने फायसेला अक्यूटा. तिचा शंख डावा. शिंगे दोऱ्यासारखी बारीक आणि लांब. शंख पातळ, आणि त्यातून आतल्या आवरणावरचे सोनेरी-पिवळे ठिपके दिसतात. गोगलगाय मेली की ठिपकेही नाहीसे होतात, कारण ते शंखावर नसतात. भिंगातून पाहिले तर आवरणाचे बोटांसारखे टोकदार भाग शंखाच्या कडेवर चढलेले दिसतात. चाल झपाट्याची. दुसऱ्या गोगलगाईने किंवा माशाने स्पर्श केला की ही शंख जोरजोरात झटकते. पाण्याच्या मधोमध, कशालाही न धरता वर चढणारी गोगलगाय दिसली तर तीही बहुधा हीच; ती चिकट धागा सोडून त्यावरून ये-जा करते. बहुतेक १० मिमीच्या आसपास थांबते. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८०५ साली फ्रान्समधल्या नमुन्यांवरून झाले, पण मूळची ती उत्तर अमेरिकेची, आणि आता आपल्याकडच्या नाल्यांत, हौदांतही सापडते.

पाँड स्नेल म्हणजे लिम्निया आणि तिच्या जवळच्या जाती. आपल्याकडे लिम्निया ल्युटिओला आणि लिम्निया अ‍ॅक्युमिनाटा नेहमी आढळतात. शंख उजवा. शिंगे रुंद, चपटी, त्रिकोणी. एकदा पाहिली की विसरत नाहीत. शंखाचे तोंड मोठे, काही जातींत सबंध उंचीच्या निम्म्याहून जास्त. पूर्ण वाढ २० मिमीच्या पुढे जाते.

एवढ्यावरही संशय राहिला तर शिंगांवर भरवसा ठेवा. शंखाची बाजू फोटोत उलटू शकते, शिंगांची जाडी उलटत नाही.

६. चपट्या, गोल वेटोळ्याच्या गोगलगाई सगळ्या रॅम्सहॉर्नच का?

हो, पण रॅम्सहॉर्नमध्ये तीन वेगळ्या मंडळींना आपण एकच नाव देतो.

दुकानात लाल, गुलाबी, निळसर रंगांत विकली जाते ती बहुधा प्लॅनॉर्बेला ड्युरी. तिचे वेटोळे फुगीर असते, व्यास २० मिमीच्या आसपास जातो. लाल रंग येतो तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे. अंगातले काळे रंगद्रव्य नसले की तो शंखातून झिरपून दिसतो. या कुळातल्या सर्वांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात.

दुसरी जायरॉलस, तिला छोटी रॅम्सहॉर्न म्हणतात. ही फारच चपटी. व्यास ५ ते ७ मिमी झाला तरी जाडी २ मिमीच्या आतच. लोक तिला वाढ खुंटलेली रॅम्सहॉर्न समजतात आणि खायला जास्त घालतात. ती मात्र पूर्ण वाढलेली असते आणि जास्तीच्या खाण्यावर पिल्लेच वाढतात. जाडी मोजा, गोंधळ मिटेल.

तिसरी आपल्या तळ्यांतली इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. तपकिरी, जाड, वेढे थोडे पण झपाट्याने रुंदावणारे, तोंड मोठे. व्यास २० मिमी किंवा त्याहून अधिक. ५ मिमीच्या खालची इंडोप्लॅनॉर्बिस आणि तपकिरी प्लॅनॉर्बेला फोटोवरून वेगळ्या सांगता येत नाहीत. अशा वेळी त्या कुठून आल्या हे विचारा: तळ्यातून काढलेल्या झाडांबरोबर आलेली तपकिरी रॅम्सहॉर्न इंडोप्लॅनॉर्बिस धरून चालावे. याचे कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

७. तळाच्या वाळूत लांबट, टोकदार गोगलगाई सापडल्या. दिवसा एकही दिसत नाही. या कोण?

मलेशियन ट्रम्पेट स्नेल, मेलानॉइड्स ट्युबरक्युलाटा. नाव मलेशियन असले तरी ही भारतातल्या नद्या-तळ्यांतलीही मूळ रहिवासी आहे. नदीच्या वाळूतून येते ती म्हणूनच. शंख उजवा, उंच, अनेक वेढ्यांचा, त्यावर लालसर-तपकिरी ठिपक्यांच्या ओळी, तोंडाला गडद झाकण. नेहमी २० ते ३० मिमी. अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, आणि बहुतेक माद्या नराशिवायच.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या दोघी आहेत. टारेबिया ग्रॅनिफेराच्या शंखावर दाण्यांच्या ओळी असतात आणि शंख बुटका, रुंद असतो; नख फिरवले की खडबडीतपणा जाणवतो. थियारा स्काब्राच्या वेढ्यांवर काटे असतात. तिघींचीही देखभाल सारखीच.

चौथी फसवणूक असॅसिन स्नेलच्या पिल्लांची. तीही शंकूसारखी असतात आणि वाळूत दडतात. पण असॅसिनच्या शंखावर पिवळे आणि गडद तपकिरी रुंद पट्टे असतात, आणि चालताना डोक्यासमोर एक नळी सतत हलत असते. नळी दिसली तर मारू नका. दुकानात तिचे पैसे मोजावे लागतात.

एक उपयोगी गोष्ट: एरवी वाळूत राहणाऱ्या ट्रम्पेट स्नेल दिवसाढवळ्या झुंडीने काचेवर, पाण्याच्या कडेला जमल्या तर ओळख बाजूला ठेवा आणि आधी अमोनिया, नायट्राइट तपासा, पाण्याची हालचाल वाढवा. तळात किंवा पाण्यात काहीतरी बिघडले आहे.

८. काचेवर जेलीचे थेंब आहेत. अंड्यांवरून जात सांगता येते का?

गट नक्की सांगता येतो, आणि गोगलगाय सापडत नसेल तेव्हा अंडी हाच सर्वांत चांगला पुरावा असतो.

स्वच्छ पारदर्शक, किंचित वाकलेला लांबट पुंजका, त्यात विरळ अंडी: ब्लॅडर. त्याहून लांब, नळीसारखी जेली, त्यात कधी कधी शंभराच्या घरात अंडी: पाँड स्नेल. चपटी गोल चकती, पिवळसर झाक, अंडी एका थरात दाटीने मांडलेली: रॅम्सहॉर्न. चौकोनी पारदर्शक कोशात एकेकटे अंडे: असॅसिन. पांढरे, कडक, नखाने खरवडूनही न निघणारे तीळ लाकडावर किंवा दगडावर: नेराइट. नेराइटच्या अंड्यांतून गोड्या पाण्यात पिल्ले वाढत नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी नको, फक्त दिसायला वाईट. पाण्याच्या पातळीच्या वर, झाकणाला किंवा काचेला गुलाबी किंवा फिकट रंगाचा दाणेदार घोस: पोमेसिया गटातली अ‍ॅपल स्नेल.

अंडी नाहीतच आणि पिल्ले मात्र वाढताहेत, तर ती ट्रम्पेट किंवा बेल्लामिया.

९. अजून १ मिमीचीही नाही. आत्ताच सांगा ना कोणती आहे.

खात्रीने सांगता येत नाही. या वयात रॅम्सहॉर्नचे पिल्लूही फुगीर मण्यासारखे दिसते आणि ब्लॅडरचे टोक अजून बाहेर आलेले नसते. पेल्यात टाकीचे पाणी, एक सडके पान आणि हॉर्नवर्टची छोटी फांदी घालून पिल्लाला त्यात ठेवा. पेला ऊन लागणार नाही असा उजेडात ठेवा, दोन दिवसांआड निम्मे पाणी टाकीतल्या पाण्याने बदला. ३ मिमी झाले की प्रश्न ३ ते ६ मधल्या खुणा स्पष्ट होतात. अपवाद ट्रम्पेटचा: तिचे पिल्लू जन्मतःच छोटे टोकदार शंकू असते, झाकणासकट.

१०. काचेला एक चपटा, पारदर्शक, न वळलेला थेंब चिकटला आहे आणि तो सरकतो. गोगलगाय आहे का?

आहे. गोड्या पाण्यातली लिम्पेट, बहुधा फेरिसिया. शंखाला वेटोळे नसते, टोपीसारखी उंची असते, लांबी २ ते ४ मिमी. इतकी सावकाश सरकते की काचेवर पेनाने खूण करून तासाभराने पाहावे लागते. काचेवरचे शेवाळ खाते, झाडांना काही करत नाही.

११. गोगलगाय नसलेले पण तसेच दिसणारे काय काय असू शकते?

अर्ध्या-एक मिलिमीटरचा दाणा, जो सरकत नाही तर भुरकन पोहतो, तो ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन शिंपांमध्ये राहणारा कवचधारी जीव. निरुपद्रवी. दोन सारख्या शिंपांचा ३ ते ५ मिमीचा गोल जीव वाळूत सापडला तर तो मटार शिंपला. तो पाणी गाळून खातो आणि टाकीत संख्येने फारसा वाढत नाही. शिंप पट्टेदार, त्रिकोणी आणि दोऱ्यांनी घट्ट चिकटलेली असेल तर प्रश्न १८ पाहा.

१२. ही रॅम्सहॉर्न आहे की अ‍ॅपल स्नेलचे पिल्लू?

३-४ मिमीच्या वयात ही चूक फार होते, कारण अ‍ॅपल स्नेलचे टोकही बसके असते. झाकण शोधा, असेल तर रॅम्सहॉर्न बाद. मग डोके पाहा: अ‍ॅपल स्नेलला लांब शिंगांखेरीज तोंडापाशी मिशांसारखी आणखी एक जोडी असते, आणि ती अधूनमधून एक नळी पाण्याबाहेर काढून हवा ओढते.

तळ्याच्या झाडांबरोबर आली असेल तर पायला, म्हणजे आपल्याकडची अ‍ॅपल स्नेल, असण्याची शक्यता मोठी. पायलाची अंडी पांढरी असतात आणि ती काठच्या ओल्या मातीत घातली जातात, म्हणून टाकीत ती सहसा वाढत नाही, पण मोठी होऊन कोवळी झाडे फस्त करते. हिरवट शंखावर गडद आडवे पट्टे, झाकण आणि थेट पिल्ले: ती बेल्लामिया. तिच्या पिल्लांच्या शंखावर बारीक केसांच्या रांगा असतात. ती बरेचसे अन्न पाण्यातून गाळून खाते, आणि अगदी स्वच्छ ठेवलेल्या टाकीत हळूहळू उपाशी मरते. तिला तळ्यातून आणूच नये हे बरे.

१३. गोगलगाय पाण्याबाहेरच राहते, पाण्यात टाकली की लगेच वर चढते. असे का?

डोळे पाहा. वरच्या लांब शिंगांच्या टोकाला डोळे आणि खाली शिंगांची दुसरी आखूड जोडी असेल तर ती जमिनीवरची गोगलगाय आहे. रोपवाटिकेत झाडे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. कुंडीतल्या रॉकवूलमधून (मुळांभोवतीच्या लोकरीसारख्या खनिज धाग्यांतून) अशा गोगलगाई आणि बिनशंखाचे पिटुकले शेंबडे (स्लग) येतात. पाण्यातल्या गोगलगाईंचे डोळे शिंगांच्या मुळाशी असतात. जमिनीवरची टाकीत बुडून मरते आणि पाणी खराब करते, तिला काढून टाका.

१४. शंखाचे टोक पांढरे, खडबडीत, कुरतडल्यासारखे झाले आहे. ही वेगळी जात आहे का?

जात नाही, पाणी आहे. आम्ल आणि कमी कॅल्शियमच्या पाण्यात शंखाचा चुना विरघळतो, आणि टोक सर्वांत जुने असल्यामुळे आधी झिजते. अ‍ॅक्वासॉइल (पाणवनस्पतींसाठीची तयार माती) आणि कार्बन डायऑक्साइड असलेल्या टाकीत पीएच ६.५ च्या खाली राहिला की हे हमखास दिसते. मुंबईचे तलावांतून येणारे पाणी मऊ आहे, तिथे जास्त. बोअरवेलच्या जड पाण्यावर कमी. ओळखीसाठी अशा शंखाचा फक्त तोंडाजवळचा नवा भाग पाहा. टोकावरचे दाणे किंवा काटे झिजून गेलेले असू शकतात आणि टारेबिया साधी ट्रम्पेट वाटू शकते.

१५. या गोगलगाईंमुळे आपल्याला किंवा मुलांना रोग होतो का?

दुकानातून आलेल्या आणि टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या गोगलगाईंची भीती नको. परजीवींना आयुष्यचक्र पुरे करायला गोगलगाईखेरीज गाय-बैल, पक्षी किंवा माणूस असा दुसरा प्राणी लागतो, आणि तो टाकीत नसतो.

जनावरे उतरतात अशा तळ्यातून आलेल्या गोगलगाईंची गोष्ट वेगळी. इंडोप्लॅनॉर्बिसमधून गुरांच्या शिस्टोसोमा कृमींचा प्रसार होतो. त्यातली एक जात बैलांच्या नाकात गाठी करते आणि जनावर घोरल्यासारखा श्वास घेते. या कृमींची पाण्यातली पिल्ले माणसाच्या कातडीत शिरली तर पुढे वाढत नाहीत, पण खाज आणि पुरळ उठते. लिम्निया गटातल्या गोगलगाई गुरांच्या लिव्हर फ्लूकच्या (यकृतातल्या चपट्या कृमीच्या) वाहक आहेत. माणसाला होणाऱ्या मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा रोगाचे भारतातले नोंदलेले ठिकाण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी हे गाव. १९५२ साली ती नोंद प्रसिद्ध झाली आणि तिथे फेरिसिया या इवल्याशा लिम्पेटकडे वाहक म्हणून बोट दाखवले गेले. तुमच्या टाकीतल्या लिम्पेटला त्या रोगाशी जोडण्याचे कारण नाही, पण तळ्यातून आणलेली झाडे नुसती विसळून लावू नयेत याचे कारण मात्र यात आहे.

तळ्याची झाडे तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, दिसेल ती गोगलगाय काढा, हाताला जखम असेल तर मोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

१६. पानांना भोके पडली आहेत. गोगलगाईंचेच काम ना?

बहुतेक वेळा नाही. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोके आणि त्यांच्याभोवती पिवळी कडा असेल तर पोटॅशियम कमी पडते आहे. हायग्रोफिलावर हे सर्वांत आधी दिसते. तिथे पेशी मरतात आणि ब्लॅडर, रॅम्सहॉर्न त्या मेलेल्या पेशी खायला येतात, म्हणून त्या घटनास्थळी सापडतात. पोटॅशियमचे खत सुरू करा आणि नव्या पानांकडे लक्ष ठेवा. जुनी भोके भरत नाहीत.

नवी, कोवळी पाने कडेपासून रात्रीत नाहीशी होत असतील तर मात्र मोठी पाँड स्नेल, पायला किंवा भरपूर वाढलेली इंडोप्लॅनॉर्बिस शोधा. ट्रम्पेट, जायरॉलस आणि लिम्पेट जिवंत पान खात नाहीत.

यावरूनच काय ठेवायचे ते ठरते. ब्लॅडर, प्लॅनॉर्बेला, जायरॉलस आणि ट्रम्पेट टाकीत राहू द्याव्यात असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या उरलेले खाणे आणि सडकी पाने संपवतात, आणि त्यांची संख्या तुम्ही घालता त्या खाण्याएवढीच वाढते. एकच गोगलगाय दिसली म्हणून निर्धास्त राहू नका: ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न उभयलिंगी असतात आणि एकट्याही फलित अंडी घालू शकतात. फार झाल्या तर माशांचे खाणे निम्मे करा आणि काकडीच्या चकतीने रोज रात्री काढत राहा. तांब्याचे औषध घालू नका. कोळंबी आधी मरते, आणि शेकडो गोगलगाई एकदम मेल्या तर अमोनिया चढून मासेही जातात.

१७. नवी झाडे लावण्यापूर्वी कशात बुडवावीत?

तुरटी सर्वांत सौम्य. ४ लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटीची पूड विरघळवा, झाडे दोन ते तीन तास ठेवा, मग साध्या पाण्यात दोनदा धुवा. गोगलगाई बहुतेक मरतात, अंडी सगळी मरतीलच असे नाही.

अंड्यांसाठी ब्लीच जास्त खात्रीचे. सुगंध नसलेले ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक भाग, पाणी १९ भाग. अनुबियास, जावा फर्नसारखी टणक पाने दोन मिनिटे. हायग्रोफिलासारखी खोडाची झाडे दीड मिनिटापेक्षा जास्त नाही. मॉस, व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्टला ब्लीच लावू नका, ती वितळतात. नंतर दुप्पट अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारे औषध) घातलेल्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवा. वास येत असेल तर पुन्हा बुडवा. ब्लीच आणि तुरटी एकत्र कधीच करू नका.

झाकणाच्या गोगलगाई दोन्हींतून वाचू शकतात. त्यांच्यासाठी कुंडी आणि रॉकवूल पूर्ण काढा, मुळे पाण्याच्या धारेखाली बोटांनी मोकळी करा. नदीची वाळू उकळत्या पाण्यातून काढा किंवा उन्हात पातळ पसरून पार कोरडी करा. वरून कोरडी आणि आत ओली राहिली तर ट्रम्पेट आत जिवंत असते.

१८. आम्ही भारताबाहेर राहतो. इथे वेगळे काय पाहावे?

दोन-तीन गोष्टी. युरोपीय संघात पोमेसिया गटातल्या सर्व अ‍ॅपल स्नेलवर २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे पाण्यावर गुलाबी घोस दिसला तर तो कोणाला देऊ नका. ४ ते ६ मिमीची, उंच शंखाची, झाकण असलेली आणि पिल्ले देणारी गोगलगाय थंड पाण्याच्या टाकीत किंवा बाहेरच्या तळ्यात दिसली तर न्यूझीलंड मड स्नेलचा संशय धरा; ट्रम्पेटपेक्षा हिचे वेढे कमी आणि अंग साधे, ठिपक्यांशिवायचे. अमेरिकेत २०२१ साली दुकानांतल्या मॉस बॉलमध्ये (शेवाळाच्या गोळ्यांत) झेब्रा मसल सापडले होते: पट्टेदार, त्रिकोणी, दोऱ्यांनी चिकटलेली शिंप. तसे काही दिसले तर टाकीचे पाणी गटारात ओतू नका, आणि तिथल्या वन्यजीव खात्याला कळवा.

१९. काढलेल्या गोगलगाई आणि छाटलेली झाडे कुठे टाकावीत?

नदी, तलाव, विहीर, नाला यांत कधीच नाही. ब्लॅडर स्नेल अशाच टाकून दिलेल्या पाण्या-झाडांबरोबर जगभर पसरली आहे. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये एक दिवस ठेवा, मग कचऱ्यात टाका. छाटलेली झाडे उन्हात कडक वाळवा. त्यांच्यावरची अंडीही वाळून जातात, आणि त्यानंतर ती कुंडीतल्या मातीत खत म्हणून घालायला हरकत नाही.